पडद्यासमोरच्या माणसाची साक्ष



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. प्रथेप्रमाणे माहिती प्रणालीच्या आपल्या शाखेचा आढावा घेऊन मी मोकळी झाले असते. पण गेली काही वर्षे एक विषय माझ्या मनातून जात नाही, आणि तुमच्यासारखा श्रोतृवर्ग पुन्हा मिळेल याची खात्री नाही. म्हणून थेट त्याच विषयाला हात घालते.

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात साउथ वॉर्नबरो नावाचे खेडे आहे. जो हॅमिल्टन नावाच्या बाई तिथे गावचे दुकान चालवत आणि त्याच दुकानात पोस्टाची खिडकी सांभाळत. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९-२००० च्या सुमारास देशभरातल्या अशा खिडक्यांवर ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेब प्रणाली बसवली. एके दिवशी हॅमिल्टनबाईंच्या हिशेबात सुमारे २,००० पौंडांची तूट दिसू लागली. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस सांगेल तसतशी त्या बटणे दाबत गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तुटीचा आकडा दुप्पट झाला. तूट भरून देणे कराराने त्यांच्याच अंगावर होते. पुढे आकडा ३६,००० पौंडांपर्यंत गेला, घरावर कर्ज काढावे लागले, चोरीचा आरोप आला. तुरुंग टळावा म्हणून २००८ साली त्यांनी खोटे हिशेब दाखवल्याचा गुन्हा कबूल केला. गावाचा मात्र त्यांच्यावर विश्वास होता. माणसे त्यांच्या बाजूने न्यायालयात जाऊन बसली. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने त्यांच्यासह ३९ जणांना निर्दोष ठरवले. १९९९ ते २०१५ या काळात अशा खटल्यांत दोषी ठरलेल्यांची संख्या ९०० च्या वर आहे. काही तुरुंगात गेले, काहींचे संसार मोडले, काहींनी जीव दिला. तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना मदतकेंद्रावरून एकच उत्तर मिळे: असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सॉफ्टवेअर सदोष होते, व्यवस्थापन निष्ठुर होते, कायद्याचे गृहीतकही यंत्राच्या बाजूचे होते. उलट पुरावा नसेल तर संगणक नीट चालत होता असेच इंग्लंडची न्यायालये धरून चालत. हे सगळे खरे आहे. पण आपल्या शाखेच्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. हॅमिल्टनबाई जे सांगत होत्या ते पहिल्या प्रतीचे निरीक्षण होते. आधी पडद्यावर काय होते, कोणते बटण दाबले, त्यानंतर काय दिसले, हे सगळे क्रमाने सांगणारी साक्षीदार समोर उभी होती. तिचे म्हणणे ‘तक्रार’ या खात्यात जमा झाले. पुराव्याच्या खात्यात आली ती फक्त यंत्राची नोंद.

माझे म्हणणे एवढेच आहे: पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा अनुभव हा पुरावा आहे. तो गोळा करण्याची, तपासण्याची आणि तोलण्याची एक शिस्त आहे. ती शिस्त आपण शिकलेलो नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तर मुळीच शिकवत नाही.

त्या शिस्तीचे नाव फिनॉमिनॉलॉजी. नाव ऐकून घाबरून जायचे कारण नाही. तिचा प्रवर्तक एडमंड हुसर्ल (१८५९–१९३८) हा मुळात गणिताचा माणूस. डॉक्टरेटही त्याने गणितातच केली. त्याने सांगितलेली पहिली पायरी अशी की समोरच्या गोष्टीबद्दलचे आपले पक्के समज थोडा वेळ बाजूला ठेवायचे. ते खोडायचे नाहीत आणि वापरायचेही नाहीत. मग ती गोष्ट अनुभवात कशी उमटते तेवढेच नेमकेपणाने सांगायचे. त्यानंतर तोच अनुभव निरनिराळ्या बाजूंनी पालटून बघायचा आणि काय बदलते, काय कायम राहते, ते शोधायचे.

आता हे होरायझनच्या तपासनिसांना लावून बघा. ‘यंत्र चुकत नाही’ हा एक समज. ‘तूट म्हणजे चोरी’ हा दुसरा. ‘दोष सगळा यंत्राचाच’ हा खिडकीवरच्या माणसाचा समज. तोही बाजूला ठेवायचा. उरते ते वर्णन. अशी वर्णने दहा खेड्यांतून गोळा करून शेजारीशेजारी मांडली असती, तर माणसे वेगळी, दुकाने वेगळी, रकमा वेगळ्या आणि बिघाडाची घडण मात्र तीच, हे लवकर ध्यानात आले असते. हे काम संशोधकांनी केले नाही. ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने २००९ साली सात जणांच्या हकिकती एकत्र छापल्या. पुढे अ‍ॅलन बेट्स या स्वतः पोळलेल्या खिडकीचालकाच्या पुढाकाराने ५५५ जण एकत्र येऊन न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीतल्या दोषांवर सविस्तर निकाल दिला. पत्रकार, वकील आणि खुद्द पोळलेली माणसे यांनी मिळून ती शिस्त पाळली. आपल्या शाखेची नियतकालिके त्या वर्षांत काय छापत होती, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

हुसर्लने आयुष्याच्या अखेरीस, १९३५ साली, व्हिएन्ना आणि प्राग इथे काही व्याख्याने दिली. त्यांतून विज्ञानांवर आलेल्या अरिष्टाचे विवेचन करणारा त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ आकाराला आला. त्या वेळी तो जर्मनीत राहत होता, आणि जन्माने ज्यू असल्यामुळे स्वतःच्याच विद्यापीठात त्याला स्थान उरले नव्हते. त्या ग्रंथातला मुद्दा आपल्याला फार जवळचा आहे. भूमिती आली जमीन मोजणाऱ्यांच्या कामातून, चिखलात पाय रोवून केलेल्या मोजणीतून. पुढे आकृती इतकी नितळ झाली की तीच खरी जमीन वाटू लागली, आणि मोजणाऱ्याचे पाय ज्यात रुतले होते ते जग दुय्यम ठरले. हुसर्लचा विज्ञानाला विरोध नव्हता. विज्ञान आपले मूळ विसरले, याचे त्याला दुःख होते.

आपली शाखा तर जन्मालाच आली ती हे मूळ विसरून. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली तंत्रज्ञानाच्या स्वीकाराचे एक प्रारूप मांडले: वापरणाऱ्याला एखादी प्रणाली किती उपयुक्त वाटते आणि किती सोपी वाटते, यांवरून तो ती वापरील की नाही ते सांगता येते. प्रारूप सुटसुटीत आहे, कामाचे आहे, आणि त्या शोधाबद्दल मला आदर आहे. पण त्याच्या सावलीत काय उगवले ते पाहा. ‘ही प्रणाली मला उपयुक्त वाटते’ या वाक्यापुढे एक ते सात आकडे, त्यांतला एक निवडा. आपल्या विद्यापीठांतले किती प्रबंध या एका प्रश्नावलीवर उभे आहेत! सात आकड्यांत हॅमिल्टनबाईंनी कोणता निवडला असता? बहुधा मधला. आणि आपण त्याची सरासरी काढून पुढे गेलो असतो.

वांडा ऑर्लिकोव्स्की आणि जॅक बरूडी यांनी १९९१ साली या शाखेतले, १९८३ ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले १५५ शोधलेख तपासले. त्यांतले जवळपास ९७ टक्के लेख मोजमापी, प्रत्यक्षवादी पठडीतले निघाले. त्याआधी, १९८४ मध्ये मँचेस्टरला भरलेल्या एका परिसंवादात रिचर्ड बोलंड यांनी माहिती प्रणालीच्या संशोधनाला फिनॉमिनॉलॉजीचाच मार्ग जवळचा आहे, असे स्पष्ट सांगितले होते. ऐकणारे थोडे होते. पुढे जेफ वॉल्शॅम, हाइन्झ क्लाइन, मायकेल मायर्स यांच्यामुळे अर्थ लावणाऱ्या संशोधनाला जागा मिळाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण आपल्याकडे आजही पीएच.डी.चा विद्यार्थी मार्गदर्शकाला पहिला प्रश्न विचारतो तो ‘सर, सॅम्पल किती घेऊ?’ हाच.

ज्या एका अभ्यासापाशी मला जरा थांबायचे आहे तो लुसी सचमन यांचा. सचमन मानववंशशास्त्राच्या, आणि काम करत होत्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात. कंपनीचे नवे मोठे कॉपी मशीन लोकांना वापरता येईना. त्याला जोड म्हणून एक मदतप्रणाली तयार केली होती. माणसाच्या मनात काय करायचे आहे ते ओळखून ती पडद्यावर पुढची सूचना देई. सचमन यांनी दोन-दोन माणसांना त्या यंत्रापुढे उभे केले, पाठपोट प्रती काढायला सांगितल्या आणि चित्रण केले. दोघे आपसांत बोलत: हे झाकण उघडायचे का, आता ते काय म्हणतेय, मघाशी हेच तर केले ना. चित्रणातली काही माणसे स्वतः संगणकशास्त्रातली मोठी नावे होती, आणि तीही अडकत होती.

सचमन यांनी या चित्रणाची नोंद चार रकान्यांत केली. पहिल्या रकान्यात माणसांचे ते बोलणे-वागणे, जे यंत्राला कळू शकत नाही. दुसऱ्यात यंत्राला कळणारी कृती: झाकण उघडले, बटण दाबले. तिसऱ्यात माणसाला दिसणारी यंत्राची प्रतिक्रिया. चौथ्यात यंत्राच्या आतले तर्कशास्त्र, म्हणजे रचना करणाऱ्याने काय गृहीत धरले होते ते. हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. पहिला रकाना गच्च भरलेला आहे. शंका, चुकलेले अंदाज, दुरुस्त्या, एकमेकांना दिलेला धीर, सगळे तिथे आहे. दुसऱ्यात एखादीच ओळ. आणि त्या एका ओळीवरून यंत्र ठरवते की आता माणूस पुढच्या पायरीवर आला. माणूस असतो मागच्याच पायरीवर, पण यंत्राची सूचना वाचून त्यालाही वाटते की आपलेच काहीतरी चुकले. १९८७ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने आला.

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कोणतीही प्रणाली अभ्यासायला घ्याल तेव्हा आधी हे चार रकाने आखा. आपल्याकडचा बहुतेक डेटा दुसऱ्या रकान्यातला असतो. लॉग, क्लिक, वेळेचे शिक्के, सगळे तिथलेच. पहिला रकाना रिकामा ठेवून केलेल्या विश्लेषणाला आपण वस्तुनिष्ठ म्हणतो, हे मला मान्य नाही.

सचमन यांच्यानंतर वर्षभरात शोशाना झुबॉफ यांचे पुस्तक आले. कागदाचा लगदा बनवणाऱ्या अमेरिकेतल्या गिरण्यांत नुकतेच संगणक बसले होते, तिथल्या कामगारांमध्ये त्या वावरून आल्या. लगदा कसा उतरलाय हे ही माणसे हातात घेऊन, वास घेऊन सांगत. आता त्यांना काचेच्या खोलीत बसून पडद्यावरचे आकडे बघायचे होते. एका गिरणीत त्या खोलीला दुहेरी दारे होती, बाहेरचा विषारी वायू आत येऊ नये म्हणून. पहिले दार मिटले की मगच दुसरे उघडायचे. कामगार थांबत नसत. खांदा लावून, हाताने ओढून दुसरे दार उघडत, आणि दारे खिळखिळी होऊन गेली. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही बेशिस्त होती. झुबॉफ यांनी त्यात वाचले ते असे, की या माणसांचे शरीर अजून जुन्या गिरणीत आहे, जिथे कामाकडे सरळ चालत जाता येत होते. दुसऱ्या एका कार्यालयात विमा दाव्यांचे काम करणाऱ्या कारकून बायकांना त्यांनी संगणक येण्याआधीचे आणि नंतरचे स्वतःचे चित्र काढायला सांगितले. नंतरच्या चित्रांत कुणी स्वतःला टेबलाशी साखळीने जखडलेले दाखवले, कुणी डोळ्यांना झापड लावलेले. एक ते सातच्या आकड्यांत हे मावले नसते.

मॉरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीबद्दल लिहिले आहे. सवय झाली की स्पर्श हातातल्या मुठीशी होत नाही, काठीच्या टोकाशी होतो. काठी शरीराचाच भाग बनते. झुबॉफ यांच्या कामगारांची काठी काढून घेतली गेली, आणि नवी काठी शरीरात मुरायच्या आतच त्यांच्याकडून अचूकतेची अपेक्षा सुरू झाली.

शरीराचा विषय निघाला आहे, तर आपल्याकडे येते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. एका अब्जाहून अधिक माणसांची ओळख बोटांच्या ठशांशी आणि डोळ्यांच्या बुबुळांशी जोडणाऱ्या या प्रणालीची सुरुवात आपल्या मातीत झाली. रेशन दुकानात पॉस मशीन आले आणि ‘अंगठा लागला’, ‘अंगठा लागत नाही’ हे शब्द घरोघरी रुळले. दुकानाच्या ओट्यावर तासभर बसून बघा. आजी पदराला बोट पुसते, मशीनवर ठेवते. लाल दिवा. दुकानदार म्हणतो, जरा दाबून. ती दाबते. पुन्हा लाल. मग तो स्वतः तिचे बोट धरून काचेवर टेकवतो, थोडे डावीकडे फिरवतो. दुसरे बोट. मग डाव्या हाताचे. रांगेतली एक बाई सुचवते, डोक्याला घासा, तेल लागेल. तेवढ्यात रेंज जाते. आयुष्यभर भांडी घासलेल्या, ऊस तोडलेल्या, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. त्यात गूढ काही नाही. पण यंत्राच्या नोंदीत हे सगळे एका ओळीत येते: प्रमाणीकरण अयशस्वी. दुसरा रकाना भरला. आजीला मात्र त्या ओट्यावर, चारचौघांत, आपण आपणच आहोत हे सिद्ध करता आले नाही. घरी जाताना ती शेजारणीला काय सांगते ते ऐका. ‘मशीन बिघडलंय’ असे ती क्वचितच म्हणते. ‘माझा अंगठाच येत नाही’ म्हणते. बिघाड तिने स्वतःच्या हातावर घेतलेला असतो. ही गोष्ट कोणत्या सर्वेक्षणात येते?

सचमन यांचे काम कुठून आले हे सांगायचे राहिले. आल्फ्रेड शुट्झ हा हुसर्लचा वाचक. दिवसा बँकेतली नोकरी, आधी व्हिएन्नात आणि नाझींमुळे देश सोडल्यावर न्यूयॉर्कमध्ये; रात्री तत्त्वज्ञान. रोजच्या व्यवहारात आपण माणसांना ठोकळ नमुन्यांत ओळखतो, असे त्याने दाखवले: हा पोस्टमन, ही गिऱ्हाईक, तो साहेब. नमुन्यांशिवाय जगता येत नाही, पण समोरासमोर आलो की नमुना लवचीक होतो. माहिती प्रणालीत तोच नमुना गोठतो. लाभार्थी, वापरकर्ता, खातेदार. शुट्झच्या विचारावर उभे राहून हॅरल्ड गार्फिंकेल याने कॅलिफोर्नियातल्या एका मानसोपचार दवाखान्याची कागदपत्रे तपासली. नोंदी अर्धवट होत्या, रकाने मोकळे होते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या विवेचनात त्याने दाखवून दिले की नोंदी वाईट असण्याला चांगली, कामातूनच आलेली कारणे होती. सचमन यांनी पुढे वापरली ती हीच दृष्टी.

हीच दृष्टी आपल्याकडे लावून पाहू. अंगणवाडीतल्या नोंदींसाठीचे पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप २०२१ साली आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाईल जुने, तापणारे, अ‍ॅप इंग्रजीत, आणि माहिती भरली नाही तर जबाबदारी सेविकेची. प्रशासनाच्या भाषेत हा ‘तंत्रज्ञानाला विरोध’ झाला. पण सेविकेचा दिवस बघितला तर? रडणारे पोर काट्यावर ठरत नाही; वजन तीनदा घ्यावे लागते. ती आकडा आधी वहीत लिहिते, कारण वही हँग होत नाही. गरम ताजा आहार, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, सगळे उरकून रात्री, जिथे रेंज मिळेल तिथे बसून, ती वहीवरून अ‍ॅपमध्ये भरते. सर्व्हरवर मात्र मुलाची नोंद रात्रीची दिसते. एखादा तरुण विश्लेषक ती पाहून म्हणेल, ही बनावट. गार्फिंकेल म्हणाला असता, आधी तिची वही बघ.

हेच मला मूल्यमापन करणाऱ्या आपल्या मित्रांना सांगायचे आहे. मोबाईल परत करणाऱ्या हजारो बायका म्हणजे एका प्रणालीवरचे हजारो अनुभवसिद्ध शेरे होते. ते शेरे कुठे जपून ठेवलेत? मोर्च्याची बातमी राहिली, मागण्यांचे निवेदन राहिले. कोणता पडदा उघडताना काय होत होते, कोणत्या रकान्यापाशी हात थांबत होता, याची पद्धतशीर नोंद कुणी केली?

यावर नेहमीचा आक्षेप येतो: अनुभव व्यक्तिगत असतो, माणूस विसरतो, वाढवून सांगतो, कधी खोटेही बोलतो. आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच शिस्त हवी. हॅमिल्टनबाईंच्या वर्णनावरून प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीत चूक आहे हे कळणार नव्हते. अनुभव यंत्राच्या पोटातले सांगत नाही. पण कुठे शोधायचे ते तो सांगतो, आणि शोधायची गरज आहे हेही तोच सांगतो. प्रश्नावलीची विश्वासार्हता तपासायला आपण सांख्यिकीच्या कसोट्या शिकतो. वर्णनाची विश्वासार्हता तपासण्याच्याही कसोट्या आहेत: माणसाने पाहिलेले आणि त्याने लावलेला अर्थ वेगळे करणे, तोच प्रसंग पुन्हा घडवून बघणे, विसंगत वर्णन टाकून न देता त्याच्यापाशी अधिक वेळ थांबणे. ते सोपे काम नाही. एका मुलाखतीच्या अनुलेखनाला सांख्यिकीच्या पॅकेजपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, आणि तो फिनॉमिनॉलॉजीच्या आतूनच येतो. अनुभव कुणाचा, आणि त्यावर सिद्धांत कुणी रचायचा? फिनॉमिनॉलॉजीच्याच परंपरेतल्या मार्टिन हायडेगरने १९२७ साली हातोडीबद्दल जे लिहिले, त्यावर टेरी विनोग्राड आणि फर्नांडो फ्लोरेस यांनी १९८६ मध्ये संगणकाच्या रचनेचा विचार उभा केला. हातोडी नीट चालते तेव्हा सुताराला ती दिसतच नाही. ती मोडते तेव्हा दिसते. ही दृष्टी मोलाची आहे. पण हाच हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला. अनुभवाबद्दल इतके खोल बोलणारा माणूस शेजारच्या माणसाच्या अनुभवाला बहिरा राहू शकतो, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कई यांनी ‘द क्रॅक्ड मिरर’ या २०१२ सालच्या पुस्तकात केली आहे. भोगणारा एक आणि त्यावर सिद्धांत मांडणारा दुसराच, ही विभागणी न्याय्य आहे का, हा त्यांचा वाद. आपल्या शाखेतल्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते. कारण डेटा भरणारी सेविका आणि त्या डेटावर शोधनिबंध लिहिणारी प्राध्यापक यांच्यात हीच विभागणी आहे. मराठी वाचकाला तर हे नवे नाही. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले, आणि भोगलेल्याचे नेमके कथन हे समाजाविषयीचे ज्ञान असते, हे मराठी साहित्याने मान्य केले. साहित्याने जे मान्य केले ते माहिती प्रणालीच्या शाखेला इतके अवघड का जावे?

इटालियन अभ्यासक क्लाउदिओ चिबोरा यांची आठवण इथे काढलीच पाहिजे. १९९८ साली त्यांनी हुसर्लचे अरिष्टाचे विवेचन थेट आपल्या शाखेला लावून दाखवले: पद्धतींचे आराखडे सुबक होत गेले आणि संस्थांत प्रत्यक्ष काम करणारी माणसे त्यांतून निसटली. प्रणाली उभी राहते ती आराखड्यामुळे कमी आणि माणसांनी रोज घेतलेल्या काळजीमुळे, जुळवाजुळवीमुळे, सांभाळून घेण्यामुळे जास्त, असे ते सांगत. २००५ मध्ये ते अकाली गेले. आजीचे बोट धरून काचेवर नीट टेकवणारा दुकानदार त्यांना लगेच ओळखीचा वाटला असता.

सध्या एक नवाच प्रकार सुरू झालेला दिसतो. लोकांना भेटायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रारूपांनाच ‘समजा तू ग्रामीण भागातली पन्नास वर्षांची स्त्री आहेस’ असे सांगून त्यांच्याकडून मुलाखतीची उत्तरे घ्यायची. उत्तरे सुरेख येतात, व्याकरणशुद्ध येतात, अपेक्षेप्रमाणे येतात. तत्त्ववेत्ते ह्यूबर्ट ड्रायफस यांनी १९६५ पासून सांगितले होते की शरीर नसलेल्या, परिस्थितीत गुंतलेल्या नसलेल्या यंत्राला माणसासारखे समजत नाही. त्यांच्या काही भाकितांना यंत्रांनी नंतर ओलांडले, हे मान्य करू. पण या ठिकाणी मुद्दा यंत्राच्या हुशारीचा नाहीच. त्या उत्तरांमागे ओट्यावर उभे राहिलेले कुणी नाही. साक्षीदाराविना साक्ष नोंदवण्याला कोणतेही न्यायालय मान्यता देणार नाही. आपल्या विद्यापीठांच्या संशोधन समित्यांनीही देऊ नये, असा ठराव या परिषदेत यावा अशी मी विनंती करते.

आणखी तीन सूचना मांडते. माहिती प्रणालीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने किमान एक सत्र सेतू केंद्र, रेशन दुकान, अंगणवाडी, तलाठी कार्यालय किंवा बँकेची खिडकी अशा ठिकाणी बसून काढावे आणि चार रकान्यांची नोंद सादर करावी. तिला प्रकल्पाइतकेच गुण असावेत. दुसरे, ज्यांच्या अनुभवावर प्रबंध उभा आहे, त्यांना तो मराठीत वाचून दाखवला आणि त्यांचे म्हणणे परिशिष्टात घेतले, याचे प्रमाणपत्र प्रबंधासोबत जोडलेले असावे. त्यांना तो पटला नसेल तर तेही लिहावे. तिसरे काम मोठे आहे. सार्वजनिक प्रणाली वापरणाऱ्यांच्या वर्णनांचा एक संग्रह मराठीत उभा राहावा, नावे गाळून, पण ठिकाण, तारीख, पडदा आणि क्रम यांसह. ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय’ असे यापुढे कुणी कुणाला सांगितले, तर पडताळायला जागा हवी. त्याचा आराखडा मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रानंतर ज्यांना या कामात उतरायचे आहे त्यांनी थांबावे. पहिल्या काही केंद्रांची वाटणी आजच करू.